सिकलसेलचा रिपोर्ट हरवू नये म्हणून

आपल्या वस्तीतल्या अनेक घरांत कागदांनी भरलेली एक प्लास्टिकची पिशवी असते. मेयोची चिठ्ठी, मेडिकलचे रिपोर्ट, लॅबच्या पावत्या. सिकलसेलच्या रुग्णाला रात्री असह्य दुखणे उठले की घरचे आधी ती पिशवी शोधतात. पावसात छप्पर गळून कागद खराब झाला असेल, तर पुन्हा रक्त, पुन्हा रांग.

विदर्भात हा आजार आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात जास्त आढळतो. सोल्युबिलिटी तपासणीत रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. माणूस वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने ठरते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक वेळी मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून हा रिपोर्ट जन्मभर लागतो, लग्न ठरवतानाही लागतो.

समाजातील संस्था, ट्रस्ट जिथे दवाखाने चालवतात, तिथे या नोंदी संगणकावर ठेवता येतात. त्यासाठी महागडी प्रणालीच हवी असे नाही. ‘ओपन-सोर्स’ प्रणालीला परवाना शुल्क नसते आणि तिच्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करता येतात. ‘ओपनएमआरएस’ २००४ पासून गरीब देशांतील रुग्णालयांसाठी घडत आली आहे. तिच्याच पायावर ‘बहमनी’ उभी राहिली. बहमनीचा पहिला वापर आपल्या शेजारच्या छत्तीसगढमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारी येथील ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या रुग्णालयात झाला. रुग्णाची फाईल, लॅब आणि बिल ती एकत्र जोडते. दवाखान्यातच सर्व्हर ठेवला तर इंटरनेट नसतानाही काम चालते.

पण शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे समजू नये. सर्व्हर, वीज गेली तर यूपीएस, रोजचा बॅकअप आणि शिकलेला एक माणूस लागतोच. प्रणाली निवडताना संस्थेने चार प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते:

१. उद्या प्रणाली बदलली तर सर्व नोंदी बाहेर काढता येतील का?
२. नोंदणीला बसणाऱ्या ताईंना ती मराठीत वापरता येईल का?
३. कोणाची फाईल कोणी, कधी उघडली हे कळते का?
४. बिघाड झाला तर दुरुस्त कोण करणार?

तिसरा प्रश्न सोडू नका. मुलगी वाहक आहे ही बातमी दवाखान्यातून मोहल्ल्यात पोहोचली, तर उद्या कोणी तपासणीलाच येणार नाही. वाहक असणे हा आजार नाही, तो दोषही नाही. तरीही ते कोणाला सांगायचे, हे तिनेच ठरवावे.

सरकारचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. रिपोर्ट दवाखान्याकडेच राहतात. आपली संमती असेल तरच ते दुसऱ्या डॉक्टरला दिसतात.

संगणक येईल तेव्हा येईल. आज घरातल्या प्रत्येकाच्या सिकलसेल रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढा. ज्यांची तपासणी झालेली नाही, त्यांची करून घ्या.

जयभीम.