उभ्या गाडीचा ताप

मीरा रोडच्या पूनम सागरमधून सकाळी मुंबईकडे निघालेली मोटरसायकल सगळ्यात जास्त तापते ती काशिमिरा ते दहिसर चेकनाक्याच्या गर्दीत. दुचाकीला तिथे टोल नाही, मोटारींनाही ऑक्टोबर २०२४ मध्ये माफी मिळाली. पण अवजड गाड्यांच्या मागे अडकायचं ते अडकायचंच. मेट्रो-९ च्या कामाने मीरा-भाईंदर रस्ता काही वर्षं आवळला गेला, त्याची भर वेगळी. या गर्दीत पार्सल पोचवणारी पोरं असतात, फिरतीवरचे विक्रेते असतात. गाडी बंद पडली की त्यांचा रोज बुडतो. म्हणून इंजिनाचा हा ताप नीट समजून घ्यायला हवा.

पेट्रोल जळताना सिलिंडरमधल्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं. पिस्टन आणि हेड असतं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही इंजिन शाबूत राहतं, कारण भडका क्षणाचा असतो आणि धातूत शिरलेली उष्णता सतत बाहेर काढली जाते. मोटारीत हे काम पाणी, रेडिएटर आणि पंखा करतात. शंभर-सव्वाशे सीसीच्या आपल्या नेहमीच्या मोटरसायकलीत यातलं काहीच नाही. सिलिंडरभोवतीच्या पातळ फिन्समुळे धातूची जास्त जागा हवेला लागते, एवढीच सोय. वारा गाडीने स्वतः धावून मिळवायचा.

पण उभ्या गाडीत पेट्रोलही कमीच जळतं, मग ती तापते कशी? साधा हिशेब करू. लहान इंजिन उभ्या-उभ्या ताशी २०० मिलिलिटर पेट्रोल जाळतं असं धरा. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ही उष्णता झाली जवळजवळ १८०० वॉट. बादलीत पाणी तापवायला सोडतो त्या रॉडपेक्षाही जरा जास्तच. गाडी धावत असती तर ऊर्जेचा काही हिस्सा चाक फिरवण्यात खर्ची पडला असता. उभ्या गाडीतून बाहेर काहीच काम होत नाही, त्यामुळे शेवटी सगळ्याची उष्णताच होते. थोडी सायलेन्सरवाटे जाते, उरलेली धातूत आणि ऑइलमध्ये मुरते.

फिन्सवरून किती उष्णता निघून जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: फिन आणि हवा यांच्या तापमानातला फरक, आणि हवेचा वेग. ट्रक-बसच्या मधे कोंडलेली हवा ३३ ऐवजी ४५ अंशांवर गेली आणि फिन १५० अंशांवर असली, तर फरक ११७ वरून १०५ वर येतो. तोटा दहा टक्क्यांचा. वारा थांबला तर मात्र तोटा कित्येक पटींचा. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेला इथे उगाच बोल लावू नये. दमटपणामुळे घाम वाळत नाही तो माणसाचा. इंजिनाला घाम येतच नाही.

खरं नुकसान सुरू होतं ऑइलपासून. तापलं की ते पातळ होतं. ऑइल फिरवणारा पंप क्रँकवर चालतो, म्हणजे इंजिन सगळ्यात हळू फिरत असताना पंपही सगळ्यात हळू. ऑइल पातळ आणि दाब कमी, अशी दोन्हीकडून अडचण. पिस्टन फुगलेला, त्याच्या आणि बोअरच्या मधला ऑइलचा थर विरळ, अशा वेळी धातूवर धातू घासला की चरे पडतात. फारच झालं तर इंजिन सीझ.

शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरला हा त्रास कमी. स्कूटरचं इंजिन पत्र्याआड किंवा प्लॅस्टिकआड झाकलेलं, त्याला समोरचा वारा मिळतच नाही. म्हणून क्रँकवरच पंखा बसवतात. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या, आकुर्डीला बनणाऱ्या बजाज चेतकमध्ये तो होता, आजच्या ॲक्टिव्हातही आहे. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. मोटरसायकलला असा पंखा लागतो तो प्रयोगशाळेत. रोलरवर चढवून चाचणी घेताना गाडी जागची हलत नाही, म्हणून पुढे मोठा ब्लोअर लावतात आणि त्याची हवा रोलरच्या वेगाबरोबर कमी-जास्त करतात. दहिसरला तो ब्लोअर कोण आणणार?

म्हणून सगळ्यात चांगला उपाय सगळ्यात स्वस्त आहे: अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावं लागेल असं दिसलं की इंजिन बंद करा. हीरोने २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये हीच युक्ती यंत्रात बसवली. गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहिली की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे, गरम इंजिन एका बटणात सुरू होतं. बंद-चालूने पेट्रोल जास्त जातं ही भीती आता सोडून द्यावी.

रेस देऊन इंजिन थंड होतं, हा गैरसमज मात्र घट्ट रुजलेला आहे. उभ्या मोटरसायकलला रेस दिली तर वारा तेवढाच, म्हणजे शून्य, आणि पेट्रोल जास्त. गाडी बंद पडू नये म्हणून स्लो वाढवून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांवर, बहुतेक लहान गाड्यांत १४०० च्या आसपास, स्लो टिकत नसेल तर दोष दुसरीकडे शोधावा. इनटेकचं रबर तडकलं की तिथून जादा हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन आणखी तापतं.

एकदा खाली बसून फिन्सकडे बघा. पावसाळ्यातला चिखल आणि बांधकामाची सिमेंटची धूळ ऑइलच्या ओलीवर चिकटून दोन पात्यांच्या फटीत राखाडी थर झालेला दिसेल. धातू उष्णता झपाट्याने वाहून नेतो, हा थर तिला अडवतो. इंजिन गार असताना दातांच्या जुन्या ब्रशने तो निघतो. लेगगार्डला इंजिनासमोर फळी, पिशवी किंवा मोठे दिवे बांधले असतील तर तेही काढावेत. गाडी पळू लागल्यावर मिळणारा वारा ते अडवतात. अशा गाडीत ऑइल असतं जेमतेम लिटरभर. त्यातलं २०० मिलिलिटर कमी झालं म्हणजे पाचवा हिस्सा गेला. डिपस्टिक दर आठवड्याला बघावी, ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच भरावं. मोटारीचं ऑइल घातलं तर त्याच ऑइलात बुडालेला क्लच घसरू शकतो.

गाडीची ओढ कमी झाली, हेडमधून टकटक ऐकू येऊ लागली, न्यूट्रल सापडेनासा झाला, तर रस्त्याच्या कडेला सावलीत घेऊन इंजिन बंद करा आणि अर्धा तास थांबा. बाटलीतलं गार पाणी हेडवर ओतू नका. एक बाजू एकदम आकसली की धातू पिळवटतो, गॅस्केट सुटू शकतं. ऑइल बघायचं ते इंजिन निवल्यावर, गाडी सरळ उभी करून.