लघुउद्योगात कामाची नवी घडी: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोसरी, वाळूज, सातपूर किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या छोट्या कारखानदाराला विचारा, "यंदा नवीन काय केलंत?" उत्तर बहुधा मशीनचं येतं. व्हीएमसी घेतलं, कॉम्प्रेसर बदलला, शेड वाढवली. "कामाची पद्धत बदलली आणि त्यासाठी माणसांना शिकवलं," हे उत्तर क्वचितच ऐकू येतं.

कच्चा माल कुठे ठेवायचा, चूक झाली तर ती कुणी नोंदवायची, ऑपरेटरची सूचना कुणी ऐकायची, मालक बाहेरगावी असताना निर्णय कुणी घ्यायचा, या रोजच्या गोष्टींची नवी घडी बसवणं म्हणजे कामाच्या जागेवरचा नवोन्मेष. तो शिकता येतो आणि शिकवताही येतो. गेल्या दोन दशकांत अभ्यासकांनी प्रत्यक्ष कारखान्यांत प्रयोग करून त्याचा फायदा मोजला आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या तारापूरच्या परिसरातच झाला. तरीही लघुउद्योगांत काही समजुती घट्ट रुजल्या आहेत आणि त्यांची किंमत मालक-कामगार दोघंही मोजतात. म्हणून त्या एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज 1: नवं करायचं म्हणजे नवं मशीन घ्यायचं

वस्तुस्थिती: एखाद्या प्रेस शॉपमध्ये डाय बदलताना काय होतं ते नीट पाहावं. प्रेस थांबतो. पुढची डाय रॅकच्या कुठल्या खणात आहे हे एकालाच ठाऊक असतं आणि तो नेमका दुसऱ्या शिफ्टला असतो. डाय सापडली की ट्रॉलीचा शोध सुरू होतो. क्लॅम्पचे बोल्ट वेगवेगळ्या मापांचे, म्हणून पानेही वेगवेगळे. उंची जुळवायला पॅकिंगच्या पट्ट्या लागतात, त्या मागच्या वेळी कुणी कुठे ठेवल्या कोण जाणे. अखेर पहिला जॉब निघतो, पण तो पास करणारा इन्स्पेक्टर जेवायला गेलेला असतो. या सगळ्यात डाय बसवण्याचं खरं काम थोडंच. बाकीचा वेळ शोधण्यात आणि वाट पाहण्यात जातो.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यानं या कामाचे दोन भाग केले: मशीन थांबवल्याशिवाय करता येत नाही ते, आणि मशीन चालू असतानाच उरकता येतं ते. आधीची बॅच संपण्यापूर्वी पुढची डाय ट्रॉलीवर प्रेसशेजारी आणून ठेवायची. बोल्ट शक्यतो एकाच मापाचे करायचे. प्रत्येक डायच्या पट्ट्या तिच्यासोबतच बांधून ठेवायच्या. इन्स्पेक्टरला आधी निरोप द्यायचा. यासाठी खणांना नंबर, एक ट्रॉली आणि थोडे बोल्ट एवढाच खर्च येतो. मात्र हे सुचण्यासाठी आणि टिकण्यासाठी ऑपरेटर, हेल्पर, टूलरूमवाला आणि इन्स्पेक्टर यांना एकत्र बसून आपलंच काम तपासायला शिकावं लागतं. सेटिंगची पद्धत जुनीच ठेवून नवा प्रेस आणला, तर तोही तितकाच वेळ उभा राहतो आणि वर बँकेचा हप्ता सुरू होतो.

गैरसमज 2: आमचं सगळं सुरळीत चाललंय, हे मोठ्या कंपन्यांचं काम

वस्तुस्थिती: तारापूर आणि शेजारच्या उंबरगावच्या कापड गिरण्यांतल्या मालकांनाही असंच वाटत होतं. 2008 पासून निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 17 कंपन्यांत प्रयोग केला. काही कारखान्यांना एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीकडून पाच महिने मोफत मार्गदर्शन मिळालं. बाकीच्यांची फक्त महिनाभर पाहणी झाली. सुधारणेसाठी 38 साध्या पद्धती ठरल्या होत्या, उदाहरणार्थ सुताच्या साठ्याची नोंद, मागांची वेळच्या वेळी देखभाल, कापडातल्या दोषांची रोजची नोंद आणि त्यावर रोजची बैठक.

यातली दोषांची नोंद पाहण्यासारखी आहे. आधी कापडातला दोष सापडला की तो दुरुस्त व्हायचा आणि विषय तिथेच संपायचा. तो कोणत्या मागावर, कोणत्या डिझाइनमध्ये आणि कोणत्या पाळीत पुन्हा पुन्हा येतो, हे कुणी पाहत नव्हतं. नोंद सुरू झाल्यावर मूळ कारणापर्यंत पोचता येऊ लागलं. मार्गदर्शन मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात 17 टक्क्यांनी वाढली. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी नवे कारखानेही सुरू केले.

मग एवढ्या साध्या पद्धती आधीच का आल्या नाहीत? अभ्यासकांच्या मते मुख्य अडथळा माहितीचा होता. काही पद्धती मालकांना ठाऊकच नव्हत्या आणि ज्या ठाऊक होत्या त्यांचा आपल्याला उपयोग नाही, अशी त्यांची खात्री होती.

हे कारखाने शेकडो कामगारांचे होते. त्याहून लहान धंद्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाचं उदाहरण आहे. तिथे 1,500 छोट्या व्यवसायांचे गट पाडले. एका गटाला हिशेब, विक्री, मालसाठा असं नेहमीचं प्रशिक्षण मिळालं. दुसऱ्याला स्वतः पुढाकार घेणं, नवी संधी शोधणं आणि अडचण आली तरी चिकाटी न सोडणं याचं. 2017 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निकाल आले. पुढाकाराचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा 30 टक्क्यांनी वाढला होता. नेहमीच्या प्रशिक्षणातून ठामपणे सांगता येईल अशी वाढ दिसली नाही. थोडक्यात, धंदा लहान असला तरी शिकण्याचा फायदा होतो, मात्र काय शिकवलं जातं हे महत्त्वाचं.

गैरसमज 3: कामगारांनाच बदल नको असतो

वस्तुस्थिती: पाकिस्तानातलं सियालकोट फुटबॉल बनवण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिथे अभ्यासकांनी फुटबॉलचे तुकडे कापण्यासाठी नवी डाय तयार केली. तिच्यामुळे कृत्रिम चामड्याच्या त्याच शीटमधून जास्त तुकडे निघत होते, म्हणजे माल वाचत होता. अनेक कारखान्यांना ती फुकट दिली. तरी वापर फारच थोड्यांनी केला.

कारण मजुरीच्या पद्धतीत होतं. कापणाऱ्या कारागिराला नगावर पैसे मिळत होते. नव्या डायवर हात बसेपर्यंत वेग कमी होणार, म्हणजे त्याची कमाई घटणार, आणि वाचलेल्या मालाचा फायदा मात्र सगळा मालकाचा. मग काही कारागिरांनी मालकाला सांगितलं की ही डाय कामाची नाही. पुढच्या टप्प्यात अभ्यासकांनी काही कारखान्यांतल्या कारागिराला, मालकासमोर नवी डाय चालवून दाखवली तर, साधारण महिन्याच्या कमाईएवढी रक्कम देऊ केली. कारखान्याच्या दृष्टीनं ही रक्कम किरकोळ होती, पण तेवढ्यानं नव्या डायचा वापर लक्षणीय वाढला.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर किंवा नगावर मजुरी देणाऱ्या कुठल्याही कारखान्यात हा धडा लागू पडतो. कामगाराचा विरोध हा बऱ्याचदा त्यानं मांडलेला बरोबर हिशेब असतो. म्हणून नवी पद्धत आणताना तीन गोष्टी आधी जाहीर कराव्यात. शिकण्याच्या काळात कमाई घटणार नाही. पद्धत सुधारली म्हणून दर कापला जाणार नाही. वेळ वाचला म्हणून माणूस कमी केला जाणार नाही. हे शब्द पाळले गेले तर सूचना खालून येऊ लागतात, कारण मशीनचा बारीकसारीक त्रास जो आठ तास तिथे उभा असतो त्यालाच सगळ्यात जास्त कळतो.

गैरसमज 4: शिकवलं की माणूस सोडून जातो

वस्तुस्थिती: पोराला तयार करायचं आणि शेजारच्या कंपनीनं दोन हजार जास्त देऊन उचलायचं, ही लहान मालकाची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण मोजून पाहिल्यावर चित्र वेगळं दिसतं. बेंगळुरू परिसरातल्या तयार कपड्यांच्या एका मोठ्या उद्योगात शिलाई करणाऱ्या महिलांना संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं अशा गोष्टी कामाच्या ठिकाणीच शिकवल्या. प्रशिक्षण संपल्यावर या महिलांची उत्पादकता, प्रशिक्षण न मिळालेल्या महिलांपेक्षा 13.5 टक्के जास्त होती. नोकरी सोडण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा मालकांनी मनावर घ्यायला हवा. या महिलांचं वेतन वाढलं ते जेमतेम अर्ध्या टक्क्यानं. म्हणजे शिकण्याचा जवळजवळ सगळा फायदा कंपनीकडे गेला. हे न्याय्य नाही, आणि लहान कारखान्यासाठी शहाणपणाचंही नाही. माणूस टिकवायचा असेल तर शिकलेल्या कौशल्याला पगारात, हुद्द्यात आणि जबाबदारीत जागा द्यावी लागते. हेल्परचा ऑपरेटर आणि ऑपरेटरचा सेटर कधी होतो, किती पगारावर होतो, हे भिंतीवर लिहिलेलं असावं.

गैरसमज 5: दोन दिवसांचं शिबिर घेतलं, फाइव्ह एस केलं, झालं

वस्तुस्थिती: अनेक ठिकाणी फाइव्ह एस म्हणजे ऑडिटच्या आधी झाडलोट आणि पिवळे पट्टे. खरं तर नको ते काढणं, हवं ते जागेवर लावणं, स्वच्छता, सगळीकडे एकच रीत आणि शिस्त अशा पाच पायऱ्यांत झाडलोट तिसरी येते. शेवटच्या दोन पायऱ्या रोज चालाव्या लागतात, आणि ढिलाई तिथेच होते.

शिबिर लहान असायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालवला गेला आणि युद्धानंतर तो जपानमध्ये गेला. काम शिकवणं, काम सुधारणं आणि माणसांशी वागणं, असे त्याचे तीन मुख्य अभ्यासक्रम होते, प्रत्येकी फक्त 10 तासांचे. पण प्रत्येक सुपरवायझरनं स्वतःच्या विभागातलं खरं काम वर्गात आणायचं, त्याचे टप्पे पाडायचे आणि सगळ्यांसमोर ते शिकवून दाखवायचं, अशी अट होती. शिकलेलं लगेच जागेवर उतरायचं.

टिकण्याचा प्रश्न तरीही राहतो. तारापूरच्या कारखान्यांत अभ्यासक 2017 मध्ये पुन्हा गेले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या. दोन कारणं वारंवार सांगितली गेली: मॅनेजर बदलला, आणि मालकाला वेळ मिळाला नाही. तरी उरलेल्या निम्म्यांच्या जोरावर हे कारखाने इतरांपेक्षा पुढेच होते. त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांतही या पद्धती पोचल्या होत्या, पण शेजारच्या कंपन्यांत फारशा झिरपल्या नाहीत. शेजाऱ्याचं बघून आपण आपोआप शिकू, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

गैरसमज 6: हे आपल्याला परवडत नाही

वस्तुस्थिती: केंद्र सरकारनं मार्च 2023 मध्ये 'एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन' योजना नव्यानं सुरू केली. तिचे बेसिक, इंटरमीडिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे तीन स्तर आहेत. कारखान्यात येऊन मार्गदर्शन करणाऱ्या सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा सरकार उचलतं. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींच्या उद्योजकांना आणखी 5 टक्के सवलत आहे. 'झेड' (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राच्या योजनेत सूक्ष्म उद्योगांना शुल्कात 80, लघु उद्योगांना 60 आणि मध्यम उद्योगांना 50 टक्के अनुदान ठरवलं आहे. या योजनांसाठी उद्यम नोंदणी हवी. अर्ज करताना चालू अटी तपासून घ्याव्यात. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि पुण्याचं मराठा चेंबर यांसारख्या संस्थांकडेही चौकशी करता येते.

सल्लागार आला तरी तो कायमचा राहत नाही, म्हणून त्याच्यासोबत पहिल्या दिवसापासून आपला एक सुपरवायझर आणि एक ऑपरेटर जोडून द्यावा. तो गेल्यावर काम त्यांनाच पुढे न्यायचं असतं.

मग सुरुवात कुठून करायची?

या सगळ्या प्रयोगांतून दोन गोष्टी ठळक होतात: मालकाचा वेळ आणि कामगाराचा वाटा. त्यांवाचून चांगलं प्रशिक्षणही फाइलमध्ये राहतं. सबंध कारखाना एकदम बदलायला जाऊ नये. सगळ्यात जास्त रिजेक्शन असलेला एक जॉब किंवा सगळ्यात जास्त उभं राहणारं एक मशीन निवडावं. महिनाभर दोष आणि थांबलेली मिनिटं फळ्यावर लिहावीत. रोज शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं त्या फळ्यासमोर उभं राहून बोलावं, आणि त्या दहा मिनिटांत मालकानं स्वतः हजर असावं, ऐकण्यासाठी. आलेल्या प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत उत्तर द्यावं. नकार असेल तर कारणासह. महिन्याच्या शेवटी जे वाचलं त्याचा हिशेब सगळ्यांसमोर मांडून त्यातला ठरलेला भाग कामगारांच्या हातात द्यावा. पुढच्या महिन्यात दुसरं मशीन घ्यावं.

तारापूरमध्ये मालकांचं लक्ष सुटलं तिथे पद्धतीही सुटल्या. लघुउद्योगात मालक शॉप फ्लोअरपासून चार पावलांवर बसतो, आणि मोठ्या कंपनीला हवं असूनही मिळत नाही असं हे बळ त्याच्याकडे आहे. ते त्यानं वापरायला हवं.