औषध लागू का पडत नाही? जंतूंची देशभर नोंद आणि आपला गोठा



2017 चा कापसाचा हंगाम विदर्भात कोणी विसरलेले नाही. बीटी कपाशीची बोंडे फोडली की आत गुलाबी अळी. बियाणे बीटीच होते, पण अळी बदलली होती. बीटीचे विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या आधी वाचल्या, त्यांचीच पुढची पिढी वाढली आणि शेवटी पऱ्हाटीत त्यांचेच राज्य झाले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ म्हणूनच शेतातल्या अळ्या आणून त्या बीटीला किती दाद देतात, हे तपासत असतात.

हाच प्रकार रोगजंतूंचा. गाईला दगडी, म्हणजे कासदाह झाला, की आपण अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतो. दोन दिवसांत सूज उतरली की औषध बंद. पण त्या वेळी कमजोर जंतू मेलेले असतात, चिवट जंतू शिल्लक असतात. तेच वाढतात. पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही, सड निकामी होतो आणि ऐन दुधातली गाय कवडीमोलाने विकावी लागते. शिवाय हे जंतू हातावाटे, शेणावाटे, कच्च्या दुधावाटे घरात येतात. उद्या घरातले लेकरू त्या जंतूने आजारी पडले, तर डॉक्टरांचे औषधही चालायचे नाही.

ही नोंद कोण ठेवतो?

माणसांच्या रोगजंतूंसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2013 पासून मोठ्या रुग्णालयांचे जाळे उभे केले. 2017 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला. जनावरे आणि मासे यांच्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ‘इन्फार’ नावाचे प्रयोगशाळांचे जाळे काम करते. 2019 ते 2022 या वर्षांच्या नोंदींचा त्यांचा अहवालही निघाला आहे. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकच, हे ओळखून नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 रोजी झाली.

तपासणी कशी होते?

दुधातले जंतू काचेच्या बशीत वाढवतात. त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती पुरेशी रुंद जागा मोकळी राहते, ते औषध चालते. जेथे जंतू चकतीला भिडून वाढतात, तेथे ते औषध वाया. देशभरच्या अशा नोंदी एकत्र केल्या की कोणते औषध कोठे निकामी होत आहे, ते कळते. कोलिस्टिन हे माणसाला अगदी शेवटी द्यायचे औषध. ते हातचे जाऊ नये म्हणून जुलै 2019 मध्ये सरकारने कोंबड्या, दुभती जनावरे आणि त्यांच्या खाद्यात ते वापरण्यास बंदी केली.

तुम्ही काय करावे?

1. दुकानदाराच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक आणू नका. पशुवैद्यकाला दाखवा.

2. दगडी वारंवार होत असेल तर औषध देण्याआधी दूध तपासायला द्या. सड धुऊन कोरडा करा, टोक स्पिरिटने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडा आणि मग निर्जंतुक बाटलीत दूध घ्या. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवा.

3. सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा.

4. औषध चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध विकू नका, घरीही पिऊ नका. औषधाची मुदत खास ठरलेली नसेल तर नियमाने दूध व अंड्यांसाठी किमान 7 दिवस, मांसासाठी 28 दिवस धरायचे.

5. दूध काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवा. जनावर लगेच बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाका. गोठा कोरडा ठेवा.

6. वहीत तारीख, जनावर आणि औषधाचे नाव लिहा. कोणी सर्वेक्षणाचा नमुना घ्यायला आले तर नमुना द्या, वहीही दाखवा.

दिल्लीचा अहवाल शेवटी गावातल्या बाटलीभर दुधावरूनच तयार होतो. बोंडअळी आपल्याला फार उशिरा कळली. जंतूंच्या बाबतीत अजून वेळ आहे, तो दवडू नका.