शब्दसारणीची निर्यात

धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतून जमविलेल्या बोलीशब्दांची सारणी ‘आर’ या सांख्यिकी भाषेतून एक्सेलमध्ये न्यावयाची झाल्यास अभ्यासक बहुधा सीएसव्ही फाइल लिहून मोकळा होतो. ती उघडताच ‘परंडा’, ‘वाशी’ यांच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. अभ्यासक घाबरतो तो येथेच, आणि व्यर्थ. अक्षरे शाबूत असतात. केवळ यूटीएफ-८ संकेतावली ओळखविणारी आरंभीची ३ बाइटांची खूण फाइलीत नसते. ‘रीडआर’ संचातील ‘राइट एक्सेल सीएसव्ही’ ही आज्ञा ती खूण घालते.

खरी हानी दिसत नाही. ‘००७’ हा निवेदक-क्रमांक एक्सेल उघडतानाच ‘७’ करते; तसाच तो जतन झाला की शब्द कोणत्या निवेदकाचा, हा दुवा तुटतो. म्हणून क्रमांकाचा स्तंभ ‘आर’मध्ये अक्षररूप ठेवून ‘राइटएक्सएल’ संचाद्वारे थेट एक्सएलएसएक्स फाइल लिहावी. तीत शून्ये व देवनागरी दोन्ही टिकतात.