पठारावरचा कंद, शहरातली वडी

लुसाकाच्या बाजारात चिकांडा वड्या कापून मिळतो. तपकिरी, घट्ट, दाबला तर किंचित लवचीक. शहरी माणसे त्याला ‘आफ्रिकन पोलोनी’ म्हणतात, म्हणजे मांस नसलेले सॉसेज. वाळवलेले कंद कुटून केलेले पीठ, त्यात दाण्याचे कूट, मीठ, मिरची आणि खायचा सोडा. मिश्रण मंद आचेवर आळत जाते, मग भांड्याच्या झाकणावरही निखारे ठेवतात. कंदातल्या चिकट पिष्टामुळे गार झाल्यावर ते छान धरून येते. हे कंद ऑर्किडांचे असतात, हे मात्र वडी बघून कुणाला सांगता येणार नाही.

उत्तर झांबियातल्या बेंबा लोकांचे हे जुने खाणे. गवताळ, दलदलीच्या सखल जागांना तिकडे ‘दांबो’ म्हणतात. तिथून बायका कंद काढून आणत, घरापुरते. गेल्या शतकात तांब्याच्या खाणींनी बेंबा तरुणांना कॉपरबेल्टकडे ओढले आणि त्यांच्याबरोबर ही चवही गेली. खाणवस्तीतून ती राजधानी लुसाकात पोचली. १९९०च्या दशकापासून मागणी इतकी वाढली की झांबियातले दांबो तिला पुरेनात. व्यापाऱ्यांनी शेजारच्या टान्झानियाकडे मोर्चा वळवला. रस्ता तयारच होता. दार-एस-सलामहून येणारा महामार्ग आणि १९७०च्या दशकात चीनच्या मदतीने बांधलेला ताझारा लोहमार्ग हे दोन्ही तुंडुमा-नाकोंडेच्या सीमेवरून झांबियात उतरतात.

टान्झानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात कितुलोचे पठार आहे. स्थानिक लोक त्याला ‘देवाची बाग’ म्हणतात. पावसाळ्यात तिथे डिसा, सॅटिरियम, हॅबेनेरिया अशी जमिनीवरची ऑर्किडे फुलतात. सुमारे ४५ जाती नोंदल्या गेल्या आहेत. हॅबेनेरिया कासच्या पठारावरही उगवते, त्यामुळे मराठी माणसाला हे दृश्य फार परके वाटू नये. कास सुमारे १२०० मीटरवर आहे, कितुलो २६०० मीटरवर, एवढे ध्यानात ठेवले की झाले.

या ऑर्किडांची गोम जमिनीखाली आहे. प्रत्येक झाडाला दोन कंद. एक यंदाचा, फूल वर आणता आणता सुरकुतलेला. दुसरा भरीव, पुढच्या वर्षाची शिदोरी. बाजाराला हवा असतो तो दुसरा, आणि तो काढला की झाड संपले. सुरणाचा तुकडा पुरून पुन्हा सुरण मिळवावा, तशी सोय इथे नाही. बी धुळीइतके बारीक. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच, रुजायला मातीतली ठरावीक बुरशी सोबतीला लागते, आणि रुजल्यावरही खाण्याजोगा कंद धरायला वर्षे जातात. घरापुरते काढणे या हिशेबात कदाचित बसत असेल. पोती भरणे बसत नाही.

२००३ साली संशोधक टिम डेव्हनपोर्ट आणि हेन्री न्दांगलासी यांनी ‘ओरिक्स’ या नियतकालिकात आकडे मांडले, तेव्हा बाहेरच्या जगाचे लक्ष गेले. टान्झानियाच्या या भागातून दरवर्षी २२ ते ४१ लाख कंद झांबियात जातात, असा त्यांचा अंदाज होता. त्याआधीच, २००२ मध्ये, कितुलो राष्ट्रीय उद्यान करण्याची घोषणा झाली होती. २००५ मध्ये ते रीतसर अस्तित्वात आले. क्षेत्र सुमारे ४१३ चौरस किलोमीटर. सिंह-हत्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या देशाने फुलांसाठी उद्यान राखले, ही मोठीच गोष्ट. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण उद्यानाची हद्द पठारावर आखता येते, लुसाकातल्या भुकेवर नाही.

झालेही तसेच. व्यापार थांबला नाही, पांगला. पुढच्या दशकात संशोधक सरीना वेल्डमन आणि तिचे सहकारी बाजार फिरले, तेव्हा कांगो आणि अंगोलाहून येणाऱ्या मालाचीही नावे पुढे आली. ना पान, ना फूल. नुसत्या कंदावरून जात ओळखणार कशी? म्हणून त्यांनी डीएनएचा आधार घेतला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झांबियाबद्दलच्या निष्कर्षांत अपेक्षित नसलेली ऑर्किडेही सापडली. आवडीचा कंद मिळेनासा झाला की हाताला लागेल तो पोत्यात जातो, असा त्याचा अर्थ मी लावतो.

कायदा पहिल्यापासून होता. साऱ्याच ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटिस’ कराराखाली येतो, सीमा ओलांडायला परवाना लागतो. पण पोत्यात वाळके कंद पाहून त्यांना दुर्मिळ फुले कोण म्हणणार? आणि पकडले तरी सापडते ती बहुधा दिवसभर चिखलात खणणारी बाई किंवा पोते वाहणारा पोरगा. नफ्याचा मोठा वाटा त्यांच्या हाती कधीच नव्हता. चिकांडाला नावे ठेवणाऱ्या निसर्गप्रेमींनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आता लागवडीचे बोलले जाते. लंडनमधल्या क्यू उद्यानातले संशोधक झांबियातल्या सहकाऱ्यांबरोबर बी रुजवण्याच्या आणि बुरशी शोधण्याच्या मागे आहेत. प्रयोगशाळेत रोप उगवणे एक, आणि शेतकऱ्याने कंद तयार होईपर्यंत वर्षानुवर्षे वाफा अडवून ठेवणे दुसरे. रानात तो फुकट मिळतो आहे, तोवर वाफ्यातल्या कंदाला भाव कोण देणार?