रक्तवाहिनीशोथ आणि वातरक्त : ओळख, भेद व चिकित्सेची मर्यादा

वातरक्त म्हटले की सांध्यांचा शूल डोळ्यांपुढे येतो आणि आधुनिक परिभाषेत त्याचे नाते बहुधा गाऊटशी जोडले जाते. तथापि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९ व्या अध्यायात वर्णिलेली संप्राप्ती, म्हणजे प्रकुपित वायूचा मार्ग दुष्ट रक्ताने अडणे व त्या वायूने पुन्हा रक्तास दूषित करणे, रक्तवाहिन्यांच्या विकारांसंदर्भातही मननीय आहे. मात्र साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. म्हणूनच रक्तवाहिनीशोथाचे, म्हणजेच व्हॅस्क्युलायटिसचे, मुख्य भेद प्रस्तुत लेखात आम्ही मांडीत आहोत.

या व्याधीत रक्तवाहिनीच्या भित्तीस शोथ येतो. त्यामुळे वाहिनी संकुचित होऊन पुढील अवयवाचे पोषण खुंटते, किंवा भित्ती दुर्बळ होऊन फुगते अथवा फुटते. १९९४ च्या व २०१२ साली सुधारलेल्या चॅपेल हिल वर्गीकरणात वाहिनीच्या आकारमानास प्राधान्य आहे. लक्षणेही बव्हंशी त्यानुसारच भिन्न होतात.

मोठ्या वाहिन्या : टाकायासू व्याधी बहुधा चाळिशीच्या आतील स्त्रियांत आढळतो. एका हाताची नाडी क्षीण वा लुप्त होणे, दोन्ही हातांच्या रक्तदाबात अंतर पडणे, काम करताना हात भरून येणे ही त्याची लक्षणे होत. स्त्रियांची डावी व पुरुषांची उजवी नाडी पाहण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पण केवळ एकच हात पाहिल्यास हा व्याधी दृष्टीआड होऊ शकतो. नाडी दोन्ही हातांची पाहावी. पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला शंखप्रदेशीचा शिरःशूल, चर्वण करताना जबडा दुखणे व क्षणिक दृष्टिमांद्य ही जायंट सेल आर्टरायटिसची सूचक लक्षणे आहेत. येथे विलंब झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते.

मध्यम वाहिन्या : पॉलिआर्टरायटिस नोडोसामध्ये ज्वर, कार्श्य, त्वचेवर ग्रंथी वा व्रण, हातापायांत बधिरता व रक्तदाबवृद्धी आढळते, या रुग्णांत हेपॅटायटिस बीची तपासणी अवश्य करावी. पाच वर्षांखालील बालकास पाच दिवसांहून अधिक ज्वर, दोन्ही डोळ्यांत स्रावविरहित लाली, फुटलेले ओठ, लालभडक जिव्हा व हातापायांस सूज असल्यास कावासाकी व्याधीची शंका घ्यावी. चिकित्सेअभावी सुमारे एक चतुर्थांश बालकांत हृदयाच्या धमन्या फुगतात. ज्वरारंभापासून दहा दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हा धोका पुष्कळच घटतो.

लहान वाहिन्या : पायांवर उंचवटा जाणवणारे व दाबूनही फिके न होणारे रक्तवर्णी डाग ही येथील मुख्य खूण होय. बालकांत त्यासह उदरशूल व संधिशूल असल्यास आयजीए व्हॅस्क्युलायटिसचा विचार करावा. तो बहुधा आपोआप शमतो, तरीही वृक्कदुष्टीसाठी पुढील काही महिने मूत्रपरीक्षण चालू ठेवावे. प्रौढांत नाकात खपल्या धरणे, थुंकीतून रक्त येणे व मूत्रात रक्त वा प्रथिने सापडणे ही एएनसीए संबद्ध प्रकारांची चिन्हे असून त्यांत वृक्क थोड्याच काळात निकामी होऊ शकतात.

तंबाखू व विडी सेवन करणाऱ्या तरुणांतील बर्गर व्याधी या वर्गीकरणात नसला, तरी त्याची नोंद आवश्यक आहे. पायाची बोटे थंड व काळसर पडणे, रात्री असह्य वेदना होणे ही त्याची लक्षणे. तंबाखूचा संपूर्ण त्याग हाच येथे चिकित्सेचा पाया होय. निदानपरिवर्जनाचे याहून ठळक उदाहरण विरळाच.

चिकित्साविचार : गंभीर प्रकारांत स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फमाइड वा रिटुक्सिमॅब यांनी अवयव व प्राण वाचतात. दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइड एकाएकी बंद करविणे प्राणघातक ठरू शकते. मात्रा कमी करण्याचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. व्याधी स्थिरावल्यावर अग्निरक्षण, पथ्यापथ्य व बलवर्धन यांस आपल्याकडे निश्चित वाव आहे. गुडूची व कैशोर गुग्गुळ ही वातरक्तातील प्रसिद्ध औषधे असली, तरी ती उपरोक्त औषधांचा पर्याय नव्हेत. २०२१ साली मुंबईतील वैद्यकतज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांतील यकृतदुष्टीची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. तरीही अशा रुग्णांत यकृताची तपासणी करीत राहणे श्रेयस्कर.

रक्तमोक्षणाविषयी विशेष सावधगिरी हवी. अंग म्लान, रूक्ष व वातप्रधान असता रक्तस्रावण करू नये, असे वातरक्ताच्या अध्यायातच सांगितले आहे. नाडी न लागणाऱ्या, थंड पडलेल्या पायास जळवा लावणे या आदेशाच्या विरुद्ध आहे.

दोन्ही हातांची नाडी व रक्तदाब, त्वचेवरील डाग आणि मूत्रपरीक्षण, एवढे पाहण्यास मोठी साधने लागत नाहीत. शंका येताच रुग्णास तज्ज्ञांकडे पाठविण्यात कमीपणा नाही. पक्व गुल्माच्या प्रसंगी चरकाचार्यांनीही धन्वंतरी संप्रदायातील शल्यज्ञांचा अधिकार मान्य केला आहे.