पत्रकाच्या दोन बाजू

रक्तदान शिबिर असो, चातुर्मासातील व्याख्यानमाला असो वा शिष्यवृत्तीची सूचना असो. मोबाइलच्या युगातही हस्तपत्रकाची गरज संपलेली नाही. ज्या वडीलधाऱ्यांचे केवळ मोबाइलवरील संदेशाने भागत नाही, त्यांच्या हाती कागदच पोहोचतो. निवृत्तीनंतर असे पत्रक स्वतः संगणकावर जुळवू पाहणाऱ्या माझ्यासारख्या नवशिक्यांसाठी काही उपयुक्त गोष्टी येथे मांडतो.

पहिली गोष्ट संगणकाची नव्हेच. कोरा कागद घ्यावा, हव्या त्या आकारात कापावा आणि पेन्सिलीने दोन्ही बाजू आखाव्यात. दर्शनी बाजू ‘हे माझ्यासाठी आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देते, तर मागील बाजू ‘मग मी काय करावे?’ याचे. पुढे कार्यक्रमाचे नाव, दिनांक, वार, वेळ व स्थळ एवढे पुरे. मागे तपशील, नोंदणीची रीत, संपर्क व रस्ता द्यावा.

स्थळाची ओळ किरकोळ समजू नये. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्दचेच उदाहरण घ्या. जवळच अवसरी बुद्रुकही आहे. पत्रकावर नुसते ‘अवसरी’ छापले, तर गावकऱ्यास उमगेल. पण पुण्याहून निघालेले वृद्ध दांपत्य भलत्याच गावी उतरेल. शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालयामुळे येथे परगावचे विद्यार्थी व पालकही येतात. म्हणून ‘अवसरी खुर्द, ता. आंबेगाव, जि. पुणे’ हा पूर्ण पत्ता आणि ‘पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरहून’ हा निर्देश जागा वाचवण्यासाठी कधीही गाळू नये.

आता संगणकाकडे वळू. पानजुळणीसाठी ‘स्क्रायबस’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते व त्याच्या नव्या आवृत्तीत युनिकोड मराठी नीट उमटते. जुन्या पेजमेकरला मात्र युनिकोड देवनागरी पेलत नाही. म्हणून छापखान्यास मूळ फाइल न देता, अक्षरसंच अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी. जोडाक्षरे फुटत नाहीत. देवनागरीत वरच्या वेलांट्या व खालचे उकार एकमेकांस भिडू नयेत, यासाठी ओळींत मोकळे अंतर ठेवावे. छायाचित्र ३०० डीपीआयचे असावे. रंग कडेपर्यंत न्यायचा असल्यास तो कापण्याच्या रेषेबाहेर ३ मि.मी. वाढवावा.

नवशिक्याची खरी परीक्षा कागद उलटताना होते. उभे पान पुस्तकासारखे उलटायचे असेल, तर छपाईच्या पर्यायांत ‘लाँग एज’ निवडावे. आडव्या पानास ‘शॉर्ट एज’. अन्यथा मागचा मजकूर डोक्यावर उभा राहतो. ए-फोर कागद तीन भागांत दुमडायचा असल्यास २९७ मि.मी. लांबीचे १००, १०० व ९७ असे भाग करावेत. आत जाणारा भाग किंचित अरुंद हवा आणि मागील बाजूस हाच क्रम उलटा येतो.

काटकसरीची एक जुनी युक्ती हिशेबी मनास विशेष भावेल. आडव्या ए-फोरवर डावीकडे ए-फाइव्ह पत्रकाची पुढची बाजू व उजवीकडे मागची मांडावी. तेच पान कागदाच्या दोन्ही अंगांस, ‘शॉर्ट एज’ने उलटून, छापावे व मधोमध कापावे, दोन संपूर्ण पत्रके तयार! ऑफसेट छपाईत एरवी बहुरंगी पत्रकाच्या दोन बाजूंस आठ प्लेट लागतात, येथे चारच पुरतात. ५०० कागदांच्या एका रीममधून १००० पत्रके निघतात. कागद मात्र फार पातळ नसावा, नाहीतर मागची अक्षरे पुढे दिसतात.

बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. पत्रकासही तोच नियम लावावा. एक प्रत छापून, जुळणी न केलेल्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावी. दिनांक व वार दिनदर्शिकेशी ताडावेत, छापलेला दूरध्वनी क्रमांक प्रत्यक्ष लावून पाहावा.

आणखी एक विवेक आपल्या घरांत सहज समजेल. पत्रक अखेर रस्त्यावर, पायदळीही येते. त्यावर भगवंतांची प्रतिमा वा णमोकार मंत्र नसेल, तर आशातना टळते. प्रतीही हव्या तेवढ्याच काढाव्यात. वाटून न झालेला गठ्ठा हाही परिग्रहच होय.